ग्लुटेननिर्देश, खाद्यवेष्टनांवरील

बंद वेष्टनात विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थात गहू, जव (सातू) व राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन आहे किंवा नाही, याची माहिती ग्राहकास देणारा वेष्टनावरील मजकूर. सीलिॲक रोग झालेल्या व्यक्तीस हे प्रथिन आयुष्यभर वर्ज्य करावे लागते. पथ्याखेरीज दुसरा सिद्ध झालेला उपाय नाही. त्यामुळे इतरांच्या नजरेतही न येणारी वेष्टनावरील एक ओळ तिच्या दृष्टीने औषधाच्या चिठ्ठीइतकी महत्त्वाची असते. प्रस्तुत नोंदीत या निर्देशाचा इतिहास पुणे जिल्ह्यातील चिंचवड व त्याभोवतालचा औद्योगिक पट्टा यांच्या संदर्भात दिला आहे. कारण एकदोन पिढ्यांच्या अवधीत भात-बाजरी-ज्वारीच्या आहाराकडून गव्हाच्या आणि तयार पाकिटांच्या आहाराकडे वळलेला असा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच दुसरा सापडेल.

ग्लुटेन व सीलिॲक रोग : गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्याच्या धारेखाली मळत राहिल्यास स्टार्च वाहून जाते आणि हाती चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तो म्हणजे ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या येथील जाकोपो बेक्कारी यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रयोग करून ग्लुटेन प्रथम वेगळे काढले. महाराष्ट्रातील घरोघरी उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजत घालून, वाटून व गाळून त्याचा ‘चीक’ काढतात, त्यामागील तत्त्व हेच होय. मात्र तेथे स्टार्च ठेवून चोथा टाकून देतात. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, शेवया लांब निघतात, हे सर्व ग्लुटेनचे गुण. ज्वारी-बाजरीची भाकरी थापावी लागते, लाटता येत नाही, याचे कारण त्या धान्यांत ते नसते.

बहुतेकांना हे प्रथिन अपायकारक नसते. काही व्यक्तींत मात्र त्याचे अर्धवट पचलेले तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरले, की शरीराची संरक्षक यंत्रणा त्या अस्तरावरच उलटते. अस्तरावरील बोटासारखे सूक्ष्म रसांकुर झिजून सपाट होतात व अन्नाचे शोषण नीट होत नाही. मुलांत वारंवार जुलाब, पोट फुगणे व वाढ खुंटणे. प्रौढांत लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय, हाडांची ठिसूळता, वंध्यत्व, सततचा थकवा अशी निरनिराळी लक्षणे दिसतात. एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही आनुवंशिक घडण असल्याशिवाय हा रोग सहसा होत नाही. परंतु ती घडण असलेल्यांपैकी थोड्यांनाच तो होतो. निदानासाठी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची चाचणी आणि ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या) अस्तराची जीवोतक परीक्षा करतात. आयुर्वेदात वर्णिलेल्या संग्रहणीशी याची काही लक्षणे जुळतात, तथापि ती संज्ञा अधिक व्यापक आहे. दोन्ही एकच मानणे बरोबर नाही.

कारणाचा शोध : इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ग्रीक वैद्य ॲरेटीअस याने पोटाच्या अशा जीर्ण विकाराचे वर्णन केले असून रोगाचे आजचे नाव पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. लंडनचे सॅम्युएल गी यांनी १८८७ मध्ये दिलेल्या व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात मुलांतील या रोगाचे स्पष्ट चित्र रेखाटले; रुग्ण बरा व्हावयाचा झाल्यास तो आहारानेच होईल, असे त्यांचे मत होते. आहारातील नेमका कोणता पदार्थ दोषी, हे मात्र पुढे साठ वर्षे कळले नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला. त्याने मुले सुधारत, त्याचे श्रेय केळ्यांना दिले गेले. वस्तुतः हास यांनी त्याबरोबरच पाव व इतर धान्ये बंद केली होती. परिणामी बरी झालेली मुले पुन्हा पावाकडे वळत आणि काही काळाने रोग उलटे.

खरे कारण नेदर्लंड्समधील बालरोगतज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिले. हेग येथील रुग्णालयात १९३० नंतरच्या दशकातच त्यांचा गव्हावर संशय बसला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली व पाव मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असताना सीलिॲक रोगाची मुले सुधारल्याचे दिसले आणि पाव परत येताच ती पुन्हा आजारी पडली. उपासमारीतून हा शोध अचानक लागला, असे सांगण्याची रीत आहे. ती डिके यांच्या आधीच्या चिकाटीच्या कामावर अन्याय करणारी आहे. त्यांचा प्रबंध १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठास सादर झाला. फान दे कामर व वायर्स या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी लवकरच हेही सिद्ध केले, की दोष गव्हाच्या स्टार्चमध्ये नसून ग्लुटेनमध्ये आहे. १९५५ नंतर तोंडावाटे नळी घालून आतड्याच्या अस्तराचा नमुना काढता येऊ लागला व निदान निश्चित झाले. १९९७ मध्ये शरीर ज्या स्वकीय एंझाइमाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते ते ओळखले गेल्यावर साध्या रक्तचाचणीचा मार्ग खुला झाला.

मर्यादेचा प्रश्न : पथ्य ठरले, तरी ‘ग्लुटेनमुक्त’ कशाला म्हणावयाचे हा वाद उरला. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कोडेक्स आयोगाने १९७९ मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय मानक ठरविले. त्या काळी ग्लुटेन थेट मोजण्याची खात्रीची पद्धत नव्हती; म्हणून धुऊन काढलेल्या गव्हाच्या स्टार्चमधील नायट्रोजनाच्या प्रमाणावरून अदमास घेत. उत्तर यूरोपात असे शुद्ध केलेले गव्हाचे स्टार्च रुग्णांच्या पावासाठी वापरले जात असे. प्रतिपिंडांवर आधारित मापनपद्धती आल्यावर २००८ मध्ये मानक सुधारण्यात आले : ग्लुटेनमुक्त म्हणजे १ किग्रॅ. पदार्थात २० मिग्रॅ. पेक्षा अधिक ग्लुटेन नसलेला. २० ते १०० मिग्रॅ. असलेला तो कमी ग्लुटेनचा. यूरोपीय संघाने २००९ मध्ये व अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये २० मिग्रॅ.ची मर्यादा स्वीकारली.

या आकड्यामागील हिशेब समजून घेण्याजोगा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कातास्सी व सहकाऱ्यांच्या इटलीतील प्रयोगात पथ्यावर असलेल्या रुग्णांना रोज ५० मिग्रॅ. ग्लुटेन तीन महिने दिले असता आतड्याच्या अस्तरास इजा झाल्याचे आढळले. सु. ३० ग्रॅ. कणकेच्या एका पोळीत अदमासे अडीच ग्रॅ. ग्लुटेन असते, म्हणजे तिचा पन्नासावा भाग, ताटात पडलेला एक कुटका, रोज पोटात गेला तरी अपाय संभवतो. उलट, २० मिग्रॅ.च्या मर्यादेतील अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्ले, तरी १० मिग्रॅ. पलीकडे ग्लुटेन जात नाही. कुरडईचा चीक घरगुती पद्धतीने गाळलेला असतो, त्यात ग्लुटेनचा अंश राहतोच. औद्योगिक रीत्या शुद्ध केलेल्या स्टार्चशी त्याची तुलना करता येत नाही.

भारतातील प्रसार : हा रोग गोऱ्या लोकांचा, अशी समजूत भारतात दीर्घकाळ होती. जुलाब व कुपोषण यांची इतर कारणे एवढी विपुल, की आणखी एक कारण शोधण्याची निकड भासली नाही. १९६६ मध्ये वालिया, सिद्धू, टंडन, घई व भार्गव यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर भारतीय मुलांतील सीलिॲक रोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांनी तेथे स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांतील मुलांत तो नोंदविला. दिल्ली परिसरातील २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरात सु. एक व्यक्ती या रोगाने ग्रस्त आढळली.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी अधिक उद्बोधक आहे. तीत उत्तर, ईशान्य व दक्षिण भारतातील २३,००० हून अधिक प्रौढांची तपासणी झाली. रोगाचे प्रमाण उत्तरेत १·२३ टक्के, ईशान्येत ०·८७ टक्के व दक्षिणेत ०·१० टक्के भरले. अनुकूल आनुवंशिक घडण मात्र तिन्ही भागांत जवळपास सारखीच, सु. एक-तृतीयांश लोकांत होती. दक्षिणेत दररोजचा सरासरी गहू २५ ग्रॅ., तर उत्तरेत ४५५ ग्रॅ. होता. या पाहणीत पश्चिम भारताचा समावेश नव्हता. रोगाची बीजभूत घडण सर्वत्र असेल आणि फरक बव्हंशी गव्हाचा असेल, तर आहार पालटणाऱ्या प्रदेशात हा रोग हळूहळू वर येईल, असा तर्क करण्यास जागा आहे. ईशान्येत गहू थोडा असूनही रोगाचे प्रमाण मोठे आहे, ही गोष्ट या तर्काला मुरड घालते.

चिंचवडचा बदललेला आहार : पवना नदीकाठचे हे गाव मोरया गोसावींची समाधी व गणपतीचे देवस्थान यांमुळे, तसेच चापेकर बंधूंमुळे प्रसिद्ध आहे. पश्चिमेस मावळात भात, तर खेड-हवेलीच्या पठारी भागात बाजरी व ज्वारी ही येथील मुख्य धान्ये. गहू सणासुदीचा, पुरणपोळीला, शेवयांना, लग्नकार्याला. देवाच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक तांदळाच्या पिठाचे. चतुर्थीच्या उपवासाला चालणारे साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा हे सर्व जिन्नस निसर्गतःच ग्लुटेनरहित आहेत. उपवासाच्या नियमांचा हेतू वेगळा असला, तरी सीलिॲक रुग्णाच्या पथ्याची अर्धी यादी परंपरेने आयतीच करून ठेवली आहे, असे म्हणता येईल. तळणीचे मोदक मात्र कणकेचे किंवा रवा-मैद्याचे असतात.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. फाळणीनंतर पिंपरी येथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडले आणि मोटारी, स्कूटर व यंत्रभाग यांचे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण २००० नंतर मोटार उद्योगाचे केंद्र बनले. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा सर्व दिशांनी कामगार आले. भाकरी थापण्यास वेळ व चूल लागते. पाळीवर जाणाऱ्याच्या डब्यात पोळी सोयीची, आणि पोळीही नसली तर पाव, बिस्किटे, खारी. सवलतीच्या धान्य दुकानांतील गहू व १९७२ च्या दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी यांनीही ग्रामीण जिभेला गव्हाची ओळख करून दिली होती. अशा रीतीने या पट्ट्यात उत्तरेकडील गहू खाणारे आणि नव्याने गव्हाकडे वळलेले असे दोन्ही समाज शेजारीशेजारी आले.

भारतीय कायद्यातील निर्देश : १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम व त्याखालील १९५५ चे नियम यांचा रोख भेसळीवर होता. वजन-मापे व किंमत छापण्यासंबंधी १९७७ चे वेष्टित वस्तूंचे नियम आले. मांसाहारी पदार्थांवर खुणेचा ठिपका २००१ मध्ये सक्तीचा झाला व पाठोपाठ शाकाहाराचा हिरवा ठिपका आला. पोषणमूल्यांचा तक्ता त्यानंतरचा. श्रद्धेने वर्ज्य असलेल्या अन्नाची खूण अशा प्रकारे रोगाने वर्ज्य असलेल्या अन्नाच्या खुणेच्या बरीच आधी आली; मोठ्या लोकसमूहाची मागणी व विखुरलेल्या रुग्णांची गरज यांत कायदा कोणाकडे आधी पाहतो, याचे हे उदाहरण होय.

२००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाखालील विनियम २०११ मध्ये अंमलात आले. त्यांत घटकांची यादी आवश्यक होती; परंतु एखादा संमिश्र घटक पदार्थाच्या पाच टक्क्यांहून कमी असल्यास त्याच्या पोटातील घटक लिहिण्याची गरज नव्हती व मसाल्याच्या जिनसांना ‘मसाले’ असे वर्गनाम चालत असे. ही सवलत किती दूर पोहोचते, हे हिंगावरून कळते. बाजारातील बहुतेक हिंग शुद्ध नसून बांधणीचा, म्हणजे डिंक आणि खाद्य स्टार्च किंवा धान्याचे पीठ मिसळलेला असतो. १९५५ च्या नियमांतही त्याची हीच व्याख्या होती. हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. मराठी स्वयंपाकात हिंगावाचून फोडणी होत नाही. म्हणून पोळी सोडून केवळ आमटी-भात खाणाऱ्या रुग्णाच्या पोटातही गहू जातो. घरी डबीवरचा मजकूर वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग निवडता येतो. परंतु पोह्यांचा चिवडा, डाळीचे फरसाण किंवा तयार आमटीचे मिश्रण यांच्या पाकिटावर ‘मसाले’ एवढेच छापले असेल, तर त्यातील हिंगात काय आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता.

२०१६ मध्ये भारतात ग्लुटेनमुक्त अन्नाचे मानक लागू करण्यात आले. मर्यादा कोडेक्सप्रमाणेच १ किग्रॅ. मध्ये २० मिग्रॅ. ठरली. हा मजकूर ऐच्छिक आहे. तो छापणाऱ्यास मर्यादा पाळावी लागते, न छापणाऱ्यावर बंधन नाही. खरी पोकळी २०२० च्या निर्देशन व प्रदर्शन विनियमांनी भरून काढली. त्यांनुसार गहू, राय, जव, ओट, स्पेल्ट व त्यांच्यापासून केलेले पदार्थ असल्यास ‘यात अमुक आहे’ असे स्वतंत्रपणे लिहिणे सक्तीचे झाले. दूध, अंडी, मासे, भुईमूग, सोयाबीन इ. इतर ॲलर्जीकारक घटकांनाही हाच नियम आहे. कारखान्यात संसर्ग होण्याचा संभव असेल, तर ‘यात अमुक असू शकेल’ अशी सूचना देता येते. या दुसऱ्या सूचनेचा अतिरेक झाल्यास ती निरुपयोगी ठरते. उत्पादक सावधगिरीखातर ती सरसकट छापतात आणि रुग्णापुढे सर्वच वर्ज्य करणे किंवा सूचनेकडे दुर्लक्ष करणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

निर्देशाची भाषा हाही दुर्लक्षित प्रश्न आहे. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, इतर भाषा त्याखेरीज चालेल, असा नियम असल्याने मराठी अनिवार्य नाही. व्यवहारात बहुतेक पाकिटांवर बारीक इंग्रजी आढळते. चिंचवड-चाकण पट्ट्यात मराठी शाळेत चार-सहा इयत्ता शिकलेल्या आईला ‘माल्ट’ म्हणजे मोड आणून भाजलेला जव, हे त्यावरून उमगणे कठीण. माल्टयुक्त पेये तर मुलांना शक्तिवर्धक म्हणून आवर्जून दिली जातात.

नावांमुळे होणारे घोटाळेही कमी नाहीत. सातूचे पीठ या नावाने मिळणाऱ्या पिठात जव नसला, तरी भाजलेला गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ व डाळी यांबरोबर गहू घालतात. चकलीच्या भाजणीत बहुधा घालत नाहीत. नाचणीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत पुष्कळदा मैदाच मुख्य असतो. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत पिकणारा खपली गहू पथ्याचा मानतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचा एमएसीएस २९७१ हा सुधारित वाणही काढला आहे. पचनाला तो हलका वाटत असेल, पण तो गहूच असून त्यात ग्लुटेन आहे. सीलिॲक रुग्णास तो साध्या गव्हाइतकाच निषिद्ध होय.

कायद्याच्या कक्षेबाहेरचे अन्न : निर्देशाचा नियम मुख्यतः वेष्टनाचा आहे. मोठ्या उपाहारगृहांच्या शाखासमूहांना पदार्थसूचीत ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक झाले असले, तरी टपरीवरील वडा-पाव, मिठाईच्या दुकानातील सुटे फरसाण व बेकरीतील उघडी नानकटाई यांवर काहीच लिहिलेले नसते. औद्योगिक पट्ट्यात याहून मोठा भाग कारखान्यांच्या उपाहारगृहांचा आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत अशी सोय आवश्यक ठरविली होती. तेथे एकाच वेळी शेकडो माणसे जेवतात. आमटी घट्ट करण्यास कणीक लावली की नाही, पापड तळलेल्या तेलातच पुऱ्या तळल्या का, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते. औषधांच्या गोळ्यांत बांधणीसाठी स्टार्च वापरतात. औषधे १९४० च्या वेगळ्या अधिनियमाखाली येत असल्याने अन्नाच्या विनियमांतील सूचना त्यांना लागू होत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाखाली मिळणाऱ्या धान्यात रोगानुसार गव्हाऐवजी दुसरे धान्य बदलून देण्याची स्वतंत्र तरतूद केलेली नाही, त्यामुळे गरीब कुटुंबातील रुग्णाला ज्वारी किंवा तांदूळ बाजारभावाने घ्यावा लागतो. ‘ग्लुटेनमुक्त’ अशी छाप असलेली पिठे साध्या पिठांहून कितीतरी महाग असतात.

याउलट ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ व डाळी या स्वस्त व ओळखीच्या जिनसांवर हा आहार सहज उभा करता येतो. यूरोपातील रुग्णाला पावाचा पर्याय शोधावा लागला, तसे मराठी स्वयंपाकघराचे नाही. अडचण येते ती पिठाच्या गिरणीत. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यातून ज्वारी दळली, की आधीच्या दळणाचे पीठ तिच्यात मिसळते आणि हे मिश्रण डोळ्यांना दिसत नाही. गिरणीतील पिठाच्या पिशवीवर कोणताही निर्देश नसतो. म्हणून निदान झाल्यावर काही कुटुंबे धान्य घरी आणून, निवडून, धुऊन वाळवतात व घरगुती विजेच्या लहान गिरणीवर दळतात. त्या गिरणीत गहू कधीच घालत नाहीत, आणि घरातील इतरांसाठी कणकेचा डबा, पोळपाट-लाटणे व तवा वेगळा ठेवतात.